आधी ड्रायव्हर, मग मालक: गोव्यात नोकरी सोडून ट्रकवर येणाऱ्यांसाठी

हॉटेल, फार्मा कंपनी, गाड्यांचं शोरूम, फायनान्स कंपनीची वसुली... असल्या नोकऱ्या सोडून ट्रकवर येणारे गोव्यात हल्ली बरेच भेटतात. मीही त्यातलाच. बार्देशातल्या एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घ्यायचं काम करायचो, मग माल आणणाऱ्या गाडीत जाऊन बसलो. तेव्हापासून ओळखीच्यांचे फोन येतात. पहिला प्रश्न असतो, "हेवी लायसन कसं काढायचं?" आणि त्याला जोडून लगेच दुसरा, "सेकंडहँड टिप्पर केवढ्याला पडेल?" (टिप्पर म्हणजे मागचा हौदा उचलून माल ओतणारा ट्रक.)

या दोन प्रश्नांत निदान एका वर्षाचं अंतर हवं. त्या वर्षात काय करायचं, ते पुढे लिहिलंय.

## १. राजीनामा खिशात ठेवा, आधी माल निवडा

गाडीत काय भरलंय त्यावर तुमचं घरी जेवण, झोप, पाठदुखी आणि पगार, सगळं ठरतं. गोव्यात साधारण हे प्रकार आहेत.

खनिजाचे टिप्पर डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे या पट्ट्यात चालतात. खाणीवरून प्लांट किंवा जेटी आणि परत. रात्री घरी झोपता येतं, हे मोठं सुख. पण पावसाळ्यात काम बंद, आणि कोर्टाचा निकाल आला तर पावसाळा नसतानाही बंद. त्याबद्दल शेवटी सविस्तर.

चिरे, खडी, रेती हेही जवळच्या जवळचं काम. चिऱ्याची खाण असो वा क्रशर, वाहतुकीचा परवाना आहे का ते पाहूनच गाडी भरा. रेतीबाबत तर जास्तच. बेकायदा रेतीची गाडी पकडली की मालक फोन उचलत नाही आणि पोलिसांसमोर ड्रायव्हर एकटा उभा असतो.

बेळगावची भाजी, दूध, मासळी हे रात्रीचं काम. घाट अंधारात चढायचा-उतरायचा आणि पहाटे बाजारात पोचायचं. वेळेचा ताण सगळ्यात जास्त इथे. ज्याला दिवसा झोप लागत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

वेर्णा, कुंडई, मडकई, कुंकळ्ळी या वसाहतींतला माल मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूरकडे जातो. लांबचा पल्ला, घरापासून दिवसच्या दिवस लांब, पण कागदपत्रं नीट असतात. नोकरीतून आलेल्या माणसाला ही शिस्त लवकर जमते.

आणि टँकर. नोकरी सोडून येणारे याचा विचारच करत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. पेट्रोल, डिझेल, गॅस, रसायनं नेण्यासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण करून लायसनवर तशी नोंद घ्यावी लागते. नियमात आणखी एक अट आहे: एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. जुन्या, कसलेल्या ड्रायव्हरांपैकी बरेच जण इथेच अडतात. तुम्ही ऑफिसात ईमेल लिहीत होता, तर तुमचं शिक्षण ट्रकवर कामाला येईल अशी हीच मोठी जागा आहे. मात्र टँकरवर थेट कोणी बसवत नाही, आधी साध्या गाडीचा अनुभव लागतो.

निवड करण्यापूर्वी एक स्वस्त चाचणी करून घ्या. तुमच्याकडे कारचं लायसन असेल, तर ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी त्यावर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून, आणि ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, लिहिलेलं असतं. म्हणजे नोकरी चालू ठेवून रविवारी कोणाचा तरी छोटा हत्ती किंवा पिकअप चालवा. चार रविवारी सिमेंटच्या गोण्या आणि फ्रिज पोचवून आल्यावरही उत्साह टिकला, तर पुढे जा. ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून एक लांबची फेरी मारलीत, तर फारच उत्तम.

## २. हेवी लायसन

वयाची अट २० वर्षं, ती तुम्ही केव्हाच ओलांडलेली असणार. खरी अट दुसरी: हलक्या वाहनाचं लायसन हातात येऊन एक वर्ष झालेलं हवं. त्याशिवाय ट्रकचं लर्निंगच मिळत नाही. फक्त दुचाकीचं लायसन असेल तर आज कारसाठी अर्ज करा. ते लायसन हातात आलं की तुमचं वर्ष तिथून मोजलं जाईल.

अर्ज सारथी पोर्टलवर होतो, पुढची कामं तुमच्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात. जवळ ठेवायचं ते असं:

- मूळ लायसन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो
- फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरचा दाखला. मालवाहू गाडीसाठी हा कोणत्याही वयात लागतो.
- फॉर्म ५, म्हणजे मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र
- लर्निंग लायसन. ते सहा महिने चालतं आणि मिळाल्यावर ३० दिवसांनी चाचणी देता येते.

केंद्रीय नियमांप्रमाणे लर्निंगला १५० रुपये, चाचणीला ३०० आणि लायसनवर नवा वर्ग चढवायला ५०० रुपये असं मूळ शुल्क आहे. कार्ड वगैरेचे वरचे पैसे वेगळे. मोठा खर्च ड्रायव्हिंग स्कूलचा. नियमात ट्रकसाठी किमान ३० दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष १५ तास गाडी चालवणं धरलेलं आहे. पैसे भरण्यापूर्वी विचारा: "पंधरा तास स्टिअरिंग माझ्या हातात असणार का?" एका गाडीत पाच-सहा जण कोंबून प्रत्येकाला दहा मिनिटं देणाऱ्या शाळा आहेत. फॉर्म ५ मिळतो, गाडी येत नाही.

डोळ्यांची तपासणी आधी स्वतःहून करून घ्या. २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, आणि १-ए मध्ये रंग ओळखण्याबद्दलही विचारलेलं असतं. शुगर आणि बीपीही तपासा. चाळिशीत ट्रकवर आलेल्याला हे दोन रोग धाब्याच्या जेवणावर फार लवकर सापडतात.

सापळा: "भाऊ, परराज्यातून डायरेक्ट हेवी करून देतो, चाचणी नाही, काही नाही." असं लायसन पहिल्या अपघाताच्या दिवशी उघडं पडतं. विमा कंपनी सगळ्यात आधी लायसनच तपासते.

मिळालेलं लायसन पाच वर्षं चालतं. धोकादायक मालाची नोंद असेल तर तीन वर्षं, आणि नूतनीकरणाला एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण.

लर्निंग पावसाळ्यात काढा आणि कामाला चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास लागा, असं मी सगळ्यांना सांगतो. पावसात खाणी, चिरे, बांधकाम सगळं मंद असतं, नवख्याला कोण घेणार? चवथीला ड्रायव्हर आपापल्या गावी जातात, गाड्या उभ्या राहतात आणि ट्रान्सपोर्टवाला बदलीच्या शोधात असतो. दार उघडतं ते तेव्हाच.

## ३. शाळेत न शिकवलेलं

चाचणीत रिव्हर्स, चढावर थांबून मागे न घसरता गाडी काढणं वगैरे बघतात. ते जमलं म्हणजे ट्रक जमला असं नाही. पुढच्या गोष्टी जुन्या ड्रायव्हरकडून शिका, त्याला "मामा" म्हणा, चहा पाजा, पण शिका.

एअर ब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक. सकाळी गाडी सुरू केल्यावर हवेचा काटा पुरेसा वर येईपर्यंत गाडी हलवायची नाही. हवा गळत असेल तर बंद गाडीशेजारी कान देऊन उभं राहिलं की आवाज येतो. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं. आपल्या दमट हवेत ते भरपूर साचतं.

युरिया. खत नव्हे, इंजिनाचा धूर स्वच्छ करणारं द्रव. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल ट्रकांना बहुतेक हे लागतं. ते संपत आलं की गाडी इशारा देते आणि नंतर स्वतःच ताकद कमी करते. भरल्या गाडीने अर्ध्या घाटात हे झालं तर काय होईल, कल्पना करा. आणि युरियाच्या टाकीत चुकून डिझेल ओतलंत, तर दुरुस्तीचा आकडा ऐकून तुम्ही जुन्या नोकरीवर अर्ज पाठवाल.

ताडपत्री आणि दोरी. गोव्यात पाऊस जूनची वाट बघतोच असं नाही. औषधांचे बॉक्स किंवा सिमेंट भिजलं तर नुकसान ड्रायव्हरच्या नावावर लागतं. ताडपत्री बांधायला शिका, गाठी शिका. क्लीनर बांधतो म्हणून बघत राहू नका, पुष्कळ गाड्यांवर आता क्लीनर नसतोच.

स्वतःची पिशवी: चांगला टॉर्च, रेनकोट, हातमोजे, जाड तळाचे बूट, टायरची हवा बघायचा गेज, चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे, परावर्तक त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, पाण्याचा पाच लिटरचा कॅन. गाडीत हे असतं असं मालक सांगेल. नसतं.

## ४. घाट

गोव्यातून पूर्वेकडे कुठेही निघालात तरी सह्याद्री आडवा आहे. अनमोड हा अवजड गाड्यांचा मुख्य रस्ता: फोंडा, मोले, अनमोड, पुढे बेळगाव किंवा हुबळी. चोर्ल्यात अवजड वाहनांना वेळोवेळी बंदी येते. कोल्हापूरकडे जाताना आंबोली आहे, कणकवलीवरून फोंडाघाट आहे. दरड कोसळली की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो आणि रातोरात रस्ता बदलतो. निघण्याच्या दिवशी आदल्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावा, मोबाइलचा नकाशा हे सांगत नाही. तो नकाशा कारसाठी असतो. पाच किलोमीटर वाचवायला तो तुम्हाला एखाद्या वाड्यातल्या चिऱ्याच्या गडग्यांमधून नेईल, जिथून चौदाचाकी गाडी मागे घ्यायला अर्धा गाव गोळा करावा लागेल. आणि "फोंड्याला ये" असा निरोप आला, तर गोव्यातला फोंडा की सिंधुदुर्गातला, हे आधी विचारा.

उतरणीचा नियम जुना आहे: ज्या गिअरमध्ये हा घाट भरल्या गाडीने चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी पाडायचा, मध्यावर नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) असेल तर वापरा. पाय सतत ब्रेकवर ठेवला की लायनर तापतात, वास येतो, आणि मग ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. वास आला की बाजूला घ्या आणि थंड होऊ द्या. त्यावर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे तुम्हाला भेटतील, आणि ते तीस वर्षं जुने, सगळ्यांच्या आदराचे ड्रायव्हर असतील. तरी ऐकू नका.

पहिला घाट दिवसा, कोरड्यात आणि रिकाम्या गाडीने द्या, असं मालकाकडे मागा. अर्धा भरलेला टँकर वळणावर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट वागतो, कारण आतलं पाणी डचमळतं.

मुंबईच्या बाजूला जाणाऱ्यांसाठी एक सोय सांगून ठेवतो. कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ पासून आहे. भरलेला ट्रक सपाट वॅगनवर चढवून कोलाड ते वेर्णा रेल्वेने नेतात, ड्रायव्हर गाडीबरोबरच असतो. उंचीची आणि वजनाची मर्यादा असते, नंबर लागायला थांबावं लागतं. पण पावसाळ्यात महामार्गाची अवस्था पाहता पुष्कळ मालक हाच मार्ग धरतात.

## ५. पहिली नोकरी

पगार विचारण्याआधी पगाराची रीत विचारा. महिना अधिक भत्ता, की फेरीवर? फेरीवर असेल तर गाडी अनलोडिंगला दोन दिवस उभी राहिली त्याचं काय? डिझेलचा हिशेब कसा, ठरलेल्या सरासरीपेक्षा कमी मिळालं तर कापणार का? ही सरासरी भरल्या गाडीची की रिकाम्या? टायर फुटला, चलान आलं, माल कमी भरला, तर कोणाच्या खिशातून? हे सगळं पहिल्या दिवशी बोलून घ्या आणि व्हॉट्सअपवर लिहून पाठवा. तुम्ही नोकरीतून आलात, लेखी मागायची तुम्हाला सवय आहे. ती ट्रकवर येऊन सोडू नका.

मूळ लायसन मालकाकडे ठेवायला देऊ नका. फोटोकॉपी द्या.

ज्या ट्रान्सपोर्टमध्ये पाच किंवा जास्त कामगार आहेत, तिथे नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा लागू होता; आता त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतलीय. जुन्या कायद्यात होतं: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. प्रत्यक्षात कोणी पाळतं का? फार थोडे. तरी "आज रात्री पोचवच" असा फोन आला तर काय बोलायचं, हे या आकड्यांवरून कळतं. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा लागतो, कितीही चहा प्या. तेव्हा पंपावर गाडी लावा आणि झोपा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांचा आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख देतो. बँकेत खातं असून तो घेतला नसेल तर आजच घ्या. कंपनीतला गट आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर जातो, त्यामुळे कुटुंबाची वेगळी पॉलिसी राजीनाम्याच्या आधी सुरू करा.

गाडी निवडायची संधी असेल तर नवी मागा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात, इंजिनाच्या उष्णतेत, हा चोचला राहत नाही.

## ६. गेट सोडण्याआधी कागद

गाडीचे: आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, टॅक्स. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले चालतात, पण घाटात रेंज नसते, म्हणून झेरॉक्सचा एक संच ठेवा.

मालाचे: इनव्हॉइस, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती) आणि ५० हजारांवरच्या मालाला राज्याबाहेर जाताना ई-वे बिल (जीएसटीची ऑनलाइन वाहतूक पावती). ई-वे बिलावर गाडीचा नंबर तुमचाच आहे ना, बघा. वाटेत गाडी बदलली तर नंबर बदलावा लागतो. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. वेर्ण्याहून मुंबई साधारण ६०० किलोमीटर, म्हणजे तीन दिवस. घाट बंद पडून अडकलात तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. फोन करून ऑफिसला सांगा, ते काम तुमचं नाही, पण दंडाच्या वेळी उभे तुम्ही असता.

ओव्हरलोड: दंड २० हजार, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनाला दोन हजार. "सगळेच भरतात" म्हणणारा माणूस वजनकाट्यावर बरोबर येत नाही.

## ७. बाटली

गोव्याचा नंबर बघितला की बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर केबिन उघडायला सांगतात. माजाळीला, अनमोडलाही तेच. स्वस्त आहे म्हणून मामाला एक बाटली, असा विचार केबिनमध्ये आणू नका. परवान्याशिवाय दारू हद्दीपार गेली की गाडी जप्त होते, मालासकट. आणि "भाऊ, एवढं पार्सल सावंतवाडीत दे हां, माणूस उभा असेल" म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणा. बिल्टीवर नसलेली वस्तू गाडीत नको.

स्वतः पिण्याबद्दल: कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रात्री प्यायलेली पहाटेही सापडते.

## ८. अपघात झाला तर

कायदा सांगतो: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्या, आणि पोलिसांना कळवा, उशिरात उशिरा २४ तासांत. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबता येत नाही हे कायद्यालाही मान्य आहे, पण मग जवळचं पोलीस ठाणं गाठा आणि तिथे हजर व्हा. ११२ ला फोन करा. त्याची नोंद राहते आणि तुम्ही पळून गेला नाहीत याचा तो पुरावा होतो. मालक आणि विमा कंपनी त्यानंतर. घटनास्थळी कोणत्याही कोऱ्या कागदावर सही नाही.

## ९. आता टिप्परचा प्रश्न

वर्ष झालं, हात बसला, आणि डिचोलीतल्या कोणा मित्राने सांगितलं की खाणी परत चालू होतायत, गाडी घे. घेण्याआधी थोडा इतिहास बघा.

२०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आधी सरकारने, मग सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं. २०१४ मध्ये बंदी उठली. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं बंद. २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले, २०२४ मध्ये डिचोलीतून परत खाणकामाला सुरुवात झाली. या सगळ्या काळात सांगे, धारबांदोडा, सत्तरीत दारोदार टिप्पर उभे होते, टायर जमिनीत रुतलेले, आणि हप्ते चालू. सरकारला ट्रकमालकांसाठी मदतीच्या योजना काढाव्या लागल्या. त्यात भरडले गेलेले लोक अडाणी नव्हते. गाडी चालू असताना त्यांचं गणित बरोबर होतं. गाडी बंद असतानाचं गणित कोणी मांडलंच नव्हतं.

तुम्ही ते मांडा. वर्षाचे बारा महिने धरू नका. पावसाळ्याचे चार महिने शून्य उत्पन्न लिहा आणि हप्ता, विमा, टॅक्स, टायर, फिटनेसचं काम, ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याचा पगार, हे खर्च मात्र पूर्ण बारा महिन्यांचे लिहा. खनिज वाहतुकीला टन आणि किलोमीटरवर दर असतो, तो ट्रकमालकांच्या संघटनेच्या आणि कंपनीच्या वाटाघाटीत ठरतो आणि त्यासाठी आंदोलनंही होतात. तुमच्या तालुक्यातल्या संघटनेत तुमची गाडी घेतील का, नंबर कितवा लागेल, हे गाडी बघण्याआधी विचारा. संघटनेबाहेरच्या गाडीला खाणीच्या गेटवर भाव नसतो.

जुनी गाडी बघताना चेसिसला वेल्डिंग आहे का, कमानपाटे बदललेत का, हौदा आतून किती गंजलाय हे बघा. खनिजाची ओल पत्रा खाते. आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का आणि जुनी चलानं भरलीत का, हे परिवहनच्या पोर्टलवर दिसतं. खाणीवर वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी कमी किलोमीटर चाललेली दिसेल, पण तिचे रबर, होज पाइप आणि टायर वयाने गेलेले असतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, शेवटचे दोन म्हणजे तो बनवल्याचं वर्ष.

आणि खाणीशिवाय ही गाडी दुसरं काय वाहू शकेल, याचं उत्तर हवं. टिप्पर खडी, चिरे, माती नेईल. वेर्ण्याचे बॉक्स नेणार नाही. जी गाडी तुम्ही वर्षभर चालवलीत, तिचाच धंदा तुम्हाला कळतो. पहिली गाडी त्याच प्रकारची घ्या.

कर्जाचा हप्ता पावसाळ्यात कमी आणि सीझनमध्ये जास्त असा आखून मिळतो का, हे बँकेला सही करण्याआधी विचारा. काही ठिकाणी मिळतो, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.